तीन फेऱ्या आणि वरची पाच मिनिटं

मित्रांनो, मला जरा तळहातावर घेऊन बघा. पुरीएवढा गोल आहे, पण वजन लागतं की नाही? आतली सगळी चाकं पितळी आणि पोलादी आहेत, प्लास्टिक औषधालासुद्धा सापडणार नाही. मी चावीचं जुनं स्टॉपवॉच आहे. वय विचारू नका, साठीच्या पुढचा आहे एवढं पुरे. डोक्यावरची कळ दाबली की मी चालू होतो, परत दाबली की थांबतो, तिसऱ्यांदा दाबली की शून्यावर येतो. एवढंच माझं काम, आणि ते आपण चोख करतो याचा मला भारी ताठा होता. तो ताठा कसा उतरला, ते सांगायला आज बसलोय. झाल्या गोष्टीला आता काही महिने उलटले, तरी आठवण आली की आतून हादरायला होतं.

माझा जन्म परदेशातला. पाठीवर कारखान्याचं नाव कोरलं होतं, ते आता हातांनी झिजून गेलंय. माझ्या तबकडीवर दोन काटे आहेत. मोठा काटा एका मिनिटात एक फेरी मारतो. त्याच्या पोटात एक बारका काटा आहे, तो अर्ध्या तासात एक फेरी मारतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण त्या बारक्या काट्यावरून घडलं.

बोटीतून, पेटीतून, दुकानातून फिरत फिरत मी गारगोटीच्या एका शाळेत आलो. तिथले खेळाचे मास्तर म्हणजे केरबा. अंगानं पैलवान, कान मोडलेले, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला पोरं सरळ उभी राहायची. तीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात होतो. शर्यतीत दोन पोरं भांडायला लागली, तर केरबा मास्तर मला नुसतं वर धरायचे आणि भांडण मिटायचं. घड्याळ सांगतंय ते खरं, हा तिथला कायदा होता. पुढं शाळेत आकडे चमकवणारी नवी स्टॉपवॉचं आली आणि मला लेझमीच्या पेटीत टाकलं. चार वर्षं अंधारात काढली. मास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेनं त्यांना शाल आणि नारळ दिला, आणि त्यांनी मागून घेतलं म्हणून मलाही दिलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

निवृत्तीनंतर मास्तर कोल्हापुरात त्यांच्या जुन्या तालमीत आले आणि मास्तरचे वस्ताद झाले. संध्याकाळी आखाड्यात पोरांना डाव शिकवायचे आणि पहाटे पळणाऱ्या पोरापोरींची मेहनत घ्यायचे. त्यांचा एक नियम कडक होता. मोबाईल तालमीच्या उंबऱ्याबाहेर, आणि मेहनतीच्या रस्त्यावरही नाही. म्हणायचे, त्यात बघत बघत माणूस पळायचं विसरतं. वेळ मोजायला मी होतो ना!

गेल्या जूनमध्ये संघप्रिया आली. एकोणीस वर्षांची, काटक, मोजकं बोलणारी. तिचे वडील धोंडीराम एसटीत मेकॅनिक. ते स्वतः तिला स्कूटरवरून घेऊन आले होते. आमच्याकडं पोरीसुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तशी तीही. वस्तादांनी विचारलं काय पाहिजे, तर सरळ म्हणाली, एकवीस किलोमीटर दीड तासाच्या आत पळायचं हाय.

त्याला कारण होतं. जानेवारीत कोल्हापुरात एकवीस किलोमीटरची शर्यत होणार होती. त्यात वीस वर्षांच्या आतली जी मुलगी दीड तासाच्या आत येईल, तिला पुण्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात दोन वर्षं राहणं, खाणं, शिकवणं सगळं मिळणार होतं. संघप्रियाला मार्चमध्ये वीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे ही एकच संधी, पुढच्या वर्षी ते दार बंद.

दीड तास म्हणजे माझ्या बारक्या काट्याच्या बरोबर तीन फेऱ्या. वस्तादांनी तेच माप धरलं. पंधरा दिवसांतून एका रविवारी सकाळी पंचगंगेच्या पुलाजवळ ते मला चालू करायचे. साडेदहा किलोमीटरवर एका झाडाला चुन्याचा पट्टा मारला होता, त्याला हात लावून ती परत यायची. ती येईपर्यंत वस्ताद कठड्याला टेकून माझ्याकडं बघत बसायचे. जूनमध्ये ती आली ती तीन फेऱ्या आणि वर सतरा मिनिटांनी. मग चौदा. मग अकरा. सप्टेंबरच्या शेवटी वरची मिनिटं सातावर आली होती. वस्ताद तोंडावर कुणाचं कौतुक करत नसत, पण त्या दिवशी त्यांनी तिला दुधाच्या कट्ट्यावर नेऊन समोर धार काढलेलं म्हशीचं दूध पाजलं. आमच्याकडं हीच शाबासकी.

मग दसरा आला. संघप्रिया घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीला गेली, चार दिवसांसाठी. इकडं तालमीत खंडेनवमीची पूजा मांडली. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो. तालमीत गदा, मुद्गल, फिरवायचा लाकडी करेला, आखाड्याचं फावडं, सगळं धुऊन पुसून ओळीनं ठेवलं आणि त्या ओळीत वस्तादांनी मलाही बसवलं. नुसतं बसवलं नाही. त्यांना वाटलं, म्हाताऱ्या गड्याचे सांधे वर्षातनं एकदा मोकळे करावेत. चाकूच्या टोकानं त्यांनी माझं पाठीवरचं झाकण उघडलं आणि मालिशच्या तेलाचे दोन थेंब आत सोडले. दोन म्हणता म्हणता चार पडले. वर हळदकुंकू वाहिलं, त्यातली चिमूट आत गेली. मग झाकण लावून त्यांनी मला दोन्ही हातांनी कपाळाला लावलं.

मित्रांनो, खरं सांगतो, मला भरून आलं. लेझमीच्या पेटीतनं उठून मी गदेच्या शेजारी बसलो होतो. आणि तेल गेल्यावर अंगही हलकं झाल्यासारखं वाटलं. मी कसा चपळ चालायला लागलो! मला आनंदच झाला. काय म्हणावं या मूर्खपणाला? घड्याळानं चपळ व्हायचं नसतं. पण घड्याळाला स्वतःची वेळ कळायला दुसरं घड्याळ लागतं, आणि ते तर आमच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेलं होतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी संघप्रिया पळाली. घामानं डबडबून आली, चेहऱ्यावर समाधान होतं. वस्तादांनी मला थांबवलं, बघितलं, परत बघितलं. तीन फेऱ्या आणि वर तेरा मिनिटं. सातावरून तेरा!

वस्तादांचा चेहरा पडला. ते म्हणाले, चार दिवसांची सुट्टी भोवली. प्रवास, जागरण, वाटेल ते खाणं, त्यानं दम गेला. पोरीनं मान खाली घातली. तिला स्वतःला तसं वाटत नव्हतं, हे तिच्या श्वासावरून मला कळत होतं. पण ती बोलली नाही. घड्याळ सांगतंय ते खरं, हा कायदा ती एव्हाना शिकली होती.

तिथनं पुढं मेहनत दुप्पट झाली. आठवड्यातून दोनदा जोतिबाचा डोंगर पळत चढायचा. पायाला वाळूच्या पिशव्या बांधून जोर-बैठका. मधल्या रविवारची सुट्टीही बंद. ती सगळं करत होती. नोव्हेंबरअखेर वरची मिनिटं आठ झाली. वस्ताद म्हणाले, सप्टेंबरात सात होती, म्हणजे एवढं मरून आपण होतो तिथंच. संघप्रिया त्या दिवशी पुलाच्या कठड्यामागं जाऊन बसली आणि बऱ्याच वेळानं डोळे धुऊन आली.

डिसेंबरात धोंडीराम एकदा पुलावर आले. त्यांना रविवारची पाळी असायची, त्या दिवशी सुट्टी मिळाली होती. ते वस्तादांशेजारी उभे राहिले, आणि त्यांचा कान माझ्याकडं गेला. मेकॅनिकचा कान तो. वाकून त्यांनी माझी टिकटिक ऐकली आणि अदबीनं म्हणाले, "वस्ताद, ह्याचा आवाज जरा घाईचा वाटतोय. एकदा दुसऱ्या घड्याळाशी मिळवून बघूया का?"

वस्ताद हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "धोंडीराम, हे घड्याळ हाय, एसटीचं इंजिन न्हवं. चाळीस वर्षांत ह्यानं कुणाला खोटं पाडलं न्हाय."

धोंडीराम मागं सरकले. पोरगी शिकायला पाठवलेली, वस्तादांचा शब्द कसा मोडायचा? आणि मी? मी खूश झालो, मित्रांनो. माझी बाजू घेतली म्हणून माझी छाती फुगली. ते आठवलं की आज मला तोंड लपवायला जागा सापडत नाही. धोंडीरामांच्या खिशात मोबाईल होता. दोघांना शेजारी धरलं असतं तर तिथल्या तिथं सगळं उघड झालं असतं.

त्या दिवशी संघप्रिया आली ती तीन फेऱ्या आणि वर पाच मिनिटांनी. वस्ताद म्हणाले, अजून पाच मिनिटं तोडायची हायत आन हातात तीनच आठवडे. ती म्हणाली, तोडतो. तिची डावी नडगी दुखत होती, हे तिनं सांगितलं नाही. पहाटे ती गुपचूप पट्टी बांधायची आणि वर मोजा ओढायची. पाय महिनाभर ओरडून सांगत होता की थांब, मला विश्रांती दे. पण पायाचं ऐकायचं की घड्याळाचं, असा प्रश्न आला की तिनं घड्याळाचं ऐकलं.

शर्यतीला आठ दिवस राहिले होते. जोतिबाच्या चढाला, शेवटच्या वळणावर ती खाली बसली. पडली नाही, ठेचकाळली नाही, नुसती बसली आणि पाय धरून म्हणाली की वस्ताद, टेकवत न्हाय. यात्रेकरूंची एक जीप थांबवून तिला खाली आणलं. डॉक्टरांनी फोटो काढला आणि नडगीच्या हाडावरचा बारीक तडा दाखवला. म्हणाले, हे आजचं नाही, पाच-सहा आठवडे चाललंय. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, दोन महिने पाय टेकायचा नाही. शर्यत संपली, पुणं संपलं.

संघप्रिया रडली नाही. ती वस्तादांना म्हणाली, "जाऊ दे वस्ताद. तसंबी माझ्यानं झालं नसतंच." हे वाक्य वस्तादांनी खोडून काढलं नाही. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. खरंच पाच मिनिटं कमी होतीच ना, असं मी मनात म्हणालो.

शर्यतीच्या सकाळी वस्ताद घरी बसू शकले नाहीत. मला गळ्यात घालून मैदानावर गेले. बंदूक उडाली आणि सवयीनं त्यांनी माझी कळ दाबली. जिथं शर्यत संपणार होती तिथं माणसाच्या उंचीचं मोठं घड्याळ लावलेलं होतं, लाल आकड्यांचं. गर्दीमुळं आम्हाला ते नीट दिसत नव्हतं, आणि वस्ताद माझ्याशिवाय कुणाकडं बघणाऱ्यांतले नव्हते.

मुलींमधली पहिली आली. टाळ्या पडल्या. वस्तादांनी कळ दाबली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, तीन फेऱ्या आन तीन मिनिटं, म्हंजे हीसुद्धा दीड तासाच्या बाहेरच. तेवढ्यात भोंग्यावरनं घोषणा झाली: एक तास सत्तावीस मिनिटं.

वस्तादांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. गर्दीतनं वाट काढत ते पुढं गेले आणि लाल आकड्यांसमोर उभे राहिले. मग त्यांनी शेजारच्या माणसाला किती वाजले ते विचारलं. त्याच्या पलीकडच्याला विचारलं. एका पोलिसाला विचारलं. शर्यत सुटल्याची वेळ सगळ्यांना ठाऊक होती. सगळ्यांचा हिशेब एकच येत होता, माझा सोडून. पोलिसानं विचारलंसुद्धा की आजोबा, बरं वाटत न्हाय का?  वस्तादांनी मला मुठीत घेतलं आणि ते गर्दीतनं मागं फिरले.

 साठ वर्षं मी दुसऱ्यांची वेळ सांगत आलो, माझी कुणी विचारली नव्हती.

मैदानावरनं वस्ताद तडक गणपतरावांकडं गेले. गणपतराव म्हणजे देवळाच्या महाद्वाराच्या बाजूला बसणारे जुने घड्याळजी, वस्तादांचे बालमित्र. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, माझं झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग विचारलं, ह्यात तेल कुणी घातलं?

माझ्या पोटात केसाएवढी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग आहे, ती मोकळी उलगडते-मिटते म्हणून मी बरोबर चालतो. तेलानं आणि कुंकवानं तिचे वेढे एकमेकांना चिकटले होते. वेढे चिकटले की स्प्रिंग आखूड होते, आणि स्प्रिंग आखूड झाली की घड्याळ पळत सुटतं. गणपतरावांनी आधी मला तसंच तासभर लावून ठेवलं. तासाला चार मिनिटं पुढं. मग त्यांनी कागदावर आकडे मांडले आणि कागद वस्तादांपुढं सरकवला. डिसेंबरातल्या त्या रविवारी, माझ्या तीन फेऱ्या आणि वरची पाच मिनिटं म्हणजे खरी वेळ एक तास एकोणतीस मिनिटं होती.

पोरगी दीड तासाच्या आत आली होती. वर एक मिनिट राखून आली होती. आणि आम्ही तिला सांगितलं होतं की तू पाच मिनिटं कमी आहेस. नागपूरहून आली तेव्हासुद्धा तिचा दम तसूभर कमी झालेला नव्हता. पुढची सगळी मेहनत, तो डोंगर, त्या वाळूच्या पिशव्या, ते मोडलेलं हाड, सगळं नसलेली पाच मिनिटं तोडायला होतं.

गणपतरावांनी मला उघडून धुतलं, पुसलं, नीट लावलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, केरबा, पोरीला सांगू नकोस. आता सांगून पाय जुळतोय का? उलट जन्मभर डोक्यात राहील. वस्तादांनी दोन दिवस तेच धरलं. तालमीत गेले नाहीत, जेवले नाहीत. सून विचारून दमली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला गळ्यात न घालता खिशात घातलं आणि धोंडीरामांच्या घरी गेले.

धोंडीराम जेवून उठले होते. संघप्रिया भिंतीला टेकून, प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून बसली होती. तिनं पाणी द्यायला आईला हाक मारली. वस्ताद म्हणाले पाणी नंतर. खुर्ची दिली तर त्यावर बसले नाहीत, खाली फरशीवर बसले. मला तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तेल, कुंकू, मैदानावरचं घड्याळ, गणपतरावांचा कागद. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "धोंडीरामनं इचारलं व्हतं. मी हसलो. चूक घड्याळाची न्हवं पोरी, माझी हाय."

 मला वाटलं, आता ती मला उचलून भिंतीवर मारणार. मारलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. 

संघप्रियानं फक्त एक विचारलं, "शेवटच्या रविवारी खरी वेळ किती व्हती?"

"एकोणनव्वद मिनटं," वस्ताद म्हणाले.

तिनं वडिलांचा मोबाईल मागून घेतला. मला डाव्या हातात धरलं, मोबाईल उजव्या हातात, आणि दोघांना एकदमच चालू केलं. मग आम्हाला शेजारी शेजारी फरशीवर ठेवलं. ती बघत बसली. वस्ताद बसले, धोंडीराम बसले, आईसुद्धा दाराला टेकून बसली. मी आयुष्यात पुष्कळ शर्यती मोजल्या, पण जिच्यात कुणीच पळत नाही अशी ही पहिलीच. बारका काटा एक फेरी फिरला, दुसरी फिरला. धोंडीराम कामावर जायचे ते गेले नाहीत. मोबाईलमध्ये आणि माझ्यात सेकंदाचाही फरक पडत नव्हता.

तिसरी फेरी संपायला एक मिनिट उरलं तेव्हा संघप्रियानं हात पुढं केला आणि माझी कळ दाबली. मी थांबलो.

"हितं," ती म्हणाली. "हितं मी आलो व्हतो." आणि मग ती पहिल्यांदा रडली. तोंडाला ओढणी लावून, खांदे हलेपर्यंत रडली. मधेच म्हणाली, "मला वाटलं, माझ्यातच काय न्हाय."

मोबाईल चालतच राहिला. राहिलेलं ते एक मिनिट आम्ही सगळे तिथं बसून होतो, आणि त्या मिनिटात कुणाला कुणाकडं बघवलं नाही.

मित्रांनो, घड्याळावर प्रेम असेल तर त्यात तेल घालू नका, ते घड्याळजीचं काम आहे. ही झाली माझी बारीकशी मागणी. मोठी मागणी दुसरीच आहे. कुणाला 'तू कमी पडलास' म्हणायच्या आधी, ज्यानं मोजलंत ते माप एकदा तपासा. आणि तुम्हालाच कुणी कमी ठरवलं, पण अंग सांगत असेल की नाही, मी नीट पळालोय, तर तोंड उघडून विचारा. वस्ताद असोत, मास्तर असोत, विचारा. संघप्रियाचं प्लास्टर निघालंय, ती आता काठी न घेता चालते. मार्च महिना येऊन गेला. पुण्याहून काही बोलावणं आलं नाही, येणारही नव्हतं. वस्तादांनी मला शून्यावर आणायला दोनदा हात पुढं केला, पण तिनं आणू दिलं नाही. मी अजून तिच्या घरी, एकोणनव्वद मिनिटांवर थांबलेला आहे.